पोटच्या लेकीची वहिनी

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून पालथे घातले की शिरूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या उसाला बांधलेलं लाल फडकं, आणि गाव जागं करणारा टेप. शाळेतल्या माझ्या सहकारी बाई दरवर्षी न चुकता म्हणतात, "आला बाई सीझन, आता चार महिने रस्त्याची वाट." मी मान हलवते. मला रस्त्याचं काही नसतं. मला मळीचा वास येतो. माझ्या शिरूरच्या घरापर्यंत तो पोचायचं काही कारण नाही, तरी येतो, आंबूस आणि गोडसर, नाकातून डोक्यात जाऊन बसणारा. ऊस गोड असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हिवाळा कारखान्याच्या वाऱ्याखाली काढून बघावा.

मी लग्न होईपर्यंतचे सगळे हिवाळे तिथे काढले. दौंड तालुक्यात, पाटसपासून सायकलवर अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथले हंगाम आता एकमेकांत मिसळून गेलेत; कुठला भोंगा कुठल्या वर्षीचा ते सांगता येत नाही. एक तेवढा वेगळा राहिला आहे. त्या हंगामात माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, छबू वहिनीला, पहिली मुलगी झाली आणि ती मुलगी आम्ही तिच्यापासून तोडली. घरातल्या सगळ्यांनी त्याला हात लावला. पण बाकीच्यांना खरोखर वाटत होतं की आपण बाळाला वाचवतोय. तसं नाही, हे मला एकटीला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी एकोणीस वर्षांची, दौंडच्या कॉलेजात बारावी सायन्सला फिजिक्समध्ये गचके खाऊन घरी बसलेली. गावात सायन्सला जाणारी पहिली मुलगी म्हणून जेवढी मिरवले होते, तेवढीच आता मागच्या दाराने ये-जा करत होते. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई लहानपणीच गेलेली. माहेरी बाप, म्हणजे आप्पा, आणि मेंढरं, बस्स. मेंढरं आमचीही होती. आजोबा घोंगडी खांद्यावर टाकून कोकणापर्यंत जायचे. मग कालव्याचं पाणी आलं, वडलांनी ऊस लावला, आणि मेंढरं हा शब्दच आमच्या घरातून हद्दपार झाला. कोणी विचारलं तर आम्ही बागायतदार.

बाळंतपणाची बातमी आपल्याकडे एका ठरलेल्या वाक्यात देतात. दादाने दौंडच्या एसटीडी बूथवरून कवठ्याच्या किराणा दुकानात फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "मुलगी झाली म्हनावं आप्पांना! बाळ-बाळंतीण सुखरूप!" मी बाजूलाच उभी होते. दहा मिनिटांपूर्वी आम्ही दोघांनी दवाखान्यात वहिनीला पाहिलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि नर्सने बाळ दाखवल्यावर तिने विचारलं होतं, "कुणाचं हाय?" नर्स हसली, दादा हसला, मीही हसले. सुखरूप हा शब्द आपण टाके आणि ताप बघून वापरतो. त्यात बाकीचं काही मोजत नाहीत.

घरी आणल्यावर तिला मागच्या खोलीत बाजेवर ठेवलं. खाली शेगडी, वर ओव्याची धुरी, दाराला गोणपाट. बाहेर दोरीवर बाळाची दुपटी वाळत घातलेली, आणि त्यांच्यावर दिवसभर कारखान्याच्या चिमणीची काजळी पडत राहायची, तिळाएवढी काळी काळी. आम्हाला सवय होती. कपडा झटकायचा आणि घडी घालायची. वहिनी मात्र ती दुपटी ओढून आणून पुन्हा धुवायला बसायची. धुतली की वाळत घालायची, काजळी पडली की परत धुवायची. ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही म्हणून आई शिव्या द्यायची. वहिनी ऐकायची, मान हलवायची, आणि आई वळली की पुन्हा मोरीत.

तिला झोप नव्हती. मी भरदुपारी जेवण घेऊन गेले तरी ती बसलेली असायची, बाळापासून हातभर लांब, डोळे ताणून. "झोप की गं जरा," म्हटलं तर म्हणायची, "झोपले की बदलत्यात तिला." एकदा माझा हात धरून हळूच म्हणाली, "वन्सं, तेवढी विळी न्या हितनं. आन् मला बाळापशी एकटीला ठिवू नका. कुनीतरी बसा."

आज मी शिक्षिका आहे, चार पुस्तकं वाचली आहेत, मला कळतं की ते बोलत होती ती बाळाची आई होती. आपल्या हातांवरचा विश्वास उडालेली बाई स्वतःहून विळी बाहेर काढायला सांगते, सोबत मागते, यापेक्षा जास्त तिने बाळासाठी काय करायचं? पण मी तेव्हा विळी काखेत मारून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं, "वहिनी विळी विळी करतीय." एवढंच. बाकीचं वाक्य मी गाळलं. मुद्दाम गाळलं असं म्हणवत नाही. अर्ध्या वाक्याला जास्त मजा होती.

आईच्या तोंडाला मग धार आली. "पाच पोरं काढली म्या, पाचव्या दिशी भाकरी थापायला बसले. हिला एकीनं ग्लानी आली! सोंगं हायती समदी." बाळंतिणीला न्हाऊ घालायला ठकूमावशी यायची, गावातली जुनी सुईण. ती बाळ वहिनीच्या छातीशी धरायची आणि वहिनी लाकडासारखी बसायची, नजर आढ्याला. बाळ चोखायचं, सोडायचं, रडायचं. ठकूमावशी म्हणायची, "पान्हा चोरती बया. म्हस बरी, आंबोणाची पाटी दावली की पान्हा सोडती तरी." बायका खिदळायच्या. बाळंतिणीच्या खोलीत बायकांचं जे हसणं चालतं त्याच्याइतकं निर्दय मी दुसरं काही ऐकलेलं नाही, आणि त्यात माझाही आवाज होता.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, आणि बायकांनी पाठीत धपाटे घालायचे. पोटुशी असताना वहिनीने मला एकदा सांगितलं होतं, लाजत लाजत, की मुलगी झाली तर सोना ठेवा. तिच्या मेलेल्या आईचं नाव सोनाबाई. तेव्हा मी हो म्हटलं होतं. बारशाला वहिनीला नवं लुगडं नेसवून पाळण्यापाशी आणून बसवलं होतं. ती तिथे असून नव्हती. मी वाकले आणि बाळाच्या कानात म्हटलं, "कोमल." त्या वर्षी दर तिसऱ्या घरात कोमल होती. वहिनीने मान वर केली. "सोना म्हनला हुता न्हवं?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सोना गायीचं नाव असतं वहिनी." परत सगळ्या हसल्या. वहिनी मग त्या मुलीला कुठल्याच नावाने हाक मारताना मी ऐकली नाही, कितीतरी वर्षं.

मुंगीची गोष्ट त्यानंतरची. बाळ रात्रंदिवस रडायचं, अंगाला लागत नव्हतं. ठकूमावशी एक दिवस म्हणाली, दूधच तपासून बघू. तिच्या माहेरची रीत होती म्हणे. बाळंतिणीचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी तरली तर दूध गोड, मेली तर जहर. मला हुकूम झाला, "काळी मुंगी आन, तांबडी नगं." मी गुळाच्या डब्यावरची एक चिमटीत धरून आणली. अंगणात ऊन होतं. वहिनीला उंबऱ्यावर बसवून, पिळून पिळून, वाटीच्या तळाला पुरेल एवढं दूध काढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मुंगी टाकली. तिने पाय हलवले, एक फेरी मारली, दुसरी अर्धी मारली आणि थांबली.

"अगं बया," आई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली.

वहिनी वाटीत बघत होती. गेल्या तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच कशाकडे तरी नीट बघत होती. मग ती आमच्याकडे बघून म्हणाली, "म्या म्हनत हुते न्हवं? माझ्यापशी ठिवू नका म्हून?" तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. तिच्या मनात जे भूत होतं त्याला आम्ही वाटीभर पुरावा दिला होता. त्याच दुपारी दादा पाटसला जाऊन पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली घेऊन आला, आणि बाळ माझ्या मांडीवर आलं. बाकीच्यांचे हात कामाला बांधलेले होते; रिकामी मीच होते.

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे उसाच्या फडात गेले होते. बाळ झोपलं होतं. मी तीन वाट्या घेतल्या. एकीत पावडरचं दूध, एकीत आमच्या म्हशीचं, एकीत साधं पाणी. तिन्हीत गुळाच्या डब्यावरची एकेक मुंगी टाकली आणि चुलीपाशी बसून राहिले. नापास झाले तरी सायन्सची होते; एक वस्तू तपासायची तर दुसरी शेजारी ठेवून बघायची, एवढं डोक्यात राहिलं होतं. पावडरच्या दुधातली आधी मेली. मग म्हशीच्या. पाण्यातली जरा जास्त वेळ तगली. प्रॅक्टिकलच्या वहीत निरीक्षणाखाली निष्कर्ष लिहायचा असतो. मी वाट्या धुतल्या आणि फळीवर पालथ्या घातल्या.

का बोलले नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय आणि दरवेळी आधी खोटं उत्तर आलंय. आईची भीती होती, ठकूमावशीचा दबदबा होता, पोरीबाळींचं कोण ऐकतं, वगैरे. खरं उत्तर लहान आहे. बाळ माझं बोट धरून झोपायला लागलं होतं. निकाल लागल्यापासून घरात मला कोणी काही विचारत नव्हतं. आता दादा फडातून आला की आधी मला विचारायचा, पाजलंस का, झोपली का, आज रडली का. आई माझ्या ताटात आधी वाढायला लागली. नापास पोरीला पद मिळालं होतं. एका मुंगीवर मिळालेलं पद मी तीन मुंग्यांनी घालवणार नव्हते.

चार-पाच दिवसांनी वहिनी मागच्या दाराशी आली. मी ओसरीवर बाळाला बाटली देत होते. तिची चोळी पुढून ओली झालेली होती, केस पिंजारलेले, पण डोळे त्या दिवशी जरा निवळलेले होते. तिने हात पुढे केले. "वन्सं, द्या एकडाव. बाटली राहू द्या, नुसतं घिते."

मी म्हटलं, "मारायचीय का तुला?"

मोठ्याने नाही म्हटलं. शांतपणे म्हटलं. तिने हात खाली घेतले, पदराला पुसले आणि गोणपाट सारून आत गेली. त्यानंतर तिने कधी मागितलं नाही. एकवीस वर्षांची मुलगी होती हो ती. आता माझ्या वर्गातल्या जुन्या विद्यार्थिनी एकवीसच्या होऊन भेटायला येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या हातांकडे बघते.

सव्वा महिना झाला तेव्हा आप्पा आले, वहिनीचे वडील. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड वहाणा. आम्ही बागायतदार त्यांना पडवीत बसवायचो, कारण त्यांच्या घोंगडीला मेंढरांचा वास यायचा. त्यांनी लेकीला पाहिलं, नातीला पाहिलं, आणि बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग आईला म्हणाले, "इहीनबाई, पहिलारू मेंढी कवाकवा पिल्लू धरत न्हाई. हुंगती आन् बाजूला हुती. लाथबी मारती."

"मग?" आई.

"मग काय न्हाई. तिला मारत न्हाई आमी. पिल्लूबी दुसरीच्या गळ्यात घालत न्हाई. दोघांला एकाच जाळीत ठिवायचं. पिल्लाच्या पाठीला मिठाचं पानी लावायचं आन् आपुन तिथंच बसून ऱ्हायाचं. आज न्हाई तर चार दिसानं चाटाया लागती. मेंढी वाईट नसती ओ. भ्यालेली असती. मानसानं बसाया पायजेल फकस्त."

ते एवढं बोलले, आणि मी आजवर ऐकलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत याच्याइतकी साधी आणि खरी गोष्ट दुसरी नाही. आमच्या चार पिढ्यांना ती पाठ होती. आजोबा असते तर त्यांनी घोंगडी अंथरली असती आणि त्या खोलीच्या दारात बसले असते. आई म्हणाली, "आमी मेंढरं न्हाई राहिलो आता, आप्पा." मी फिस्सकन हसले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं. ते म्हणाले, दोघींना नेतो. आई म्हणाली, लेक तुमची हाय, न्या. पोरगी आमची हाय.

वहिनी निघाली तेव्हा बाळ रडत होतं. सव्वा महिन्यात मी एक गोष्ट पाहून ठेवली होती, पण बोलले नव्हते. बाळ रडलं की भिंतीकडे बघत बसलेल्या वहिनीची चोळी भिजायची. तिचं मन कुठेही असो, अंगाला ते रडणं ऐकू जायचं. त्या दिवशीही अंगणातून फाट्याकडे जाता जाता तिचा पदर ओला होत गेला. ती थांबली, मागे वळली. मी बाळाला घेऊन आत गेले आणि दार लोटलं. कारखान्याचा दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. त्या आवाजात बाळाचं रडणं बुडालं याचं मला बरं वाटलं होतं, हेही इथे लिहून टाकते.

आप्पांनी बाकीच्यांनी केले असते तेच उपाय आधी केले. अंगारा, लिंबू, मिरच्यांची धुरी. मग कोणीतरी शहाणं भेटलं आणि त्यांनी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हंगाम संपता संपता ते एकटे आमच्याकडे आले, खिशात डॉक्टरची चिठ्ठी. इंग्रजीत होती. आईने ती माझ्याकडे दिली, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. त्यात लिहिलं होतं की बाळंतपणानंतर होणारा हा आजार आहे, बाईचा दोष नाही, औषधाने उतरतोय. आता बाळाला आईजवळ आणावं, सुरुवातीला शेजारी कोणीतरी माणूस असावं, म्हणजे दोघींची ओळख पडेल. मी दोनदा वाचलं. कोमल तेव्हा पालथी पडायला लागली होती, मला बघून खिदळून हसायची. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोळ्या लिहून दिल्यात," मी म्हटलं. "चालू ठेवा म्हणालेत."

वहिनी परत आली ती दीड वर्षाने. गोळ्यांनी अंग सुटलेलं, बोटांना बारीक कंप, बोलणं जड. पण शहाणीसुरती. आल्या दिवशीच तिने चूल सारवली. कोमल माझ्या कडेवर होती. मी म्हटलं, "बघ कोण आलंय? वहिनी." ती मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "वयनी! वयनी!" मोठ्या कुटुंबात आपल्याकडे असं होतंच, काका-आत्या ज्या नावाने हाक मारतात तेच पोरांच्या तोंडी बसतं. कितीतरी घरांत पोरं आईला वहिनी म्हणतात आणि त्यात काही वावगं नसतं. आमच्याकडे मात्र आई ही हाक कोमलने माझ्या आईला दिली होती, आणि वहिनी तिला खरंच वहिनी वाटायची. घरातली एक बाई. भाकरी करणारी. कोणी ती हाक दुरुस्त केली नाही. वहिनीने वर्षभराने एकदा प्रयत्न केला, "आई म्हन की गं." कोमलने आजीकडे बोट दाखवलं. सगळ्यांना त्याचं काय कौतुक!

वर एक नियम होता: तिला पोरीपाशी एकटं सोडायचं नाही. आजार उतरला, नियम उतरला नाही. आंघोळ मी नाहीतर आई घालणार, वेणी आम्ही घालणार, वहिनीने कालवलेला घास आई हातातून काढून घेणार. कोमल चार वर्षांची झाली तोवर तिला राखण करायची गरजच राहिली नाही. ती स्वतःच वहिनी खोलीत आली की उठून बाहेर यायची. आम्ही म्हणायचो, पोरगी किती समजूतदार आहे.

पुढे मी बारावी सोडवली, डी.एड. झाले, लग्न होऊन शिरूरला आले, नोकरी लागली. पाचवीपासून कोमल माझ्याकडेच, चांगल्या शाळेसाठी. आपलं पाप आपण किती छान वाढवतो, त्याला गणवेश घालतो, दप्तर देतो. मला पहिला मुलगा झाला तेव्हा चौथ्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलं आणि मला काहीही वाटलं नाही. कोणाचं तरी बाळ होतं. आठवडाभर तसंच. मी कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी माझं दूध तपासलं नाही. सगळे म्हणाले, बाई थकल्यात, नोकरीवाल्या आहेत, झोपू द्या. मी झोपले आणि बरी झाले. त्या आठवड्यात मला छबू वहिनी इतकी आठवली की मी उशीत तोंड घालून रडायचे, आणि नवरा म्हणायचा, बाळंतपणात होतं असं.

तरी तिला सांगायला मला आणखी आठ-नऊ वर्षं लागली. कोमल बारावीला होती, वहिनी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि खारे शेंगदाणे घेऊन आली होती, आणि मी तिला परतीच्या गाडीत बसवायला शिरूरच्या स्टँडवर गेले होते. गावाकडे जाणारी न्हावऱ्याची गाडी लागायची होती. तोवर मी तिला तुम्ही म्हणायला लागले होते. एवढाच काय तो दंड मी स्वतःला केला होता. बाकड्यावर बसून मी सगळं सांगितलं. तीन वाट्या, डॉक्टरची चिठ्ठी, विळीचं अर्धं वाक्य. ती समोरच्या फलाटाकडे बघत ऐकत होती.

"मला वाटलंच हुतं मुंगीचं," ती शेवटी म्हणाली. "गोळ्या लागू पडल्यावर इचार केला. च्यात पडली तरी मरती की ती. म्या बोलले बी घरी. येड्या बाईचं कोन ऐकतंय?"

"वहिनी, मला माफ—"

"मला नका सांगू वन्सं. माझं झालं आता. तिला सांगा." तिने पिशवी मांडीवर घेतली. "ती मला भिती. सतरा वरसाची पोर, आईला भिती. तेवढं तिच्या मनातनं काढा. बाकी काय नगं मला."

मी हो म्हटलं. गाडी आली, ती गेली. घरी कोमल अभ्यास करत होती. मी म्हटलं परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, मग निकाल, मग स्थळं बघणं, मग लग्न. सांगायला निमित्त शोधणाऱ्याला गप्प बसायला त्याहून चांगली निमित्तं सापडतात. हे मी लिहितेय तेही कोमल असलं काही वाचत नाही हे ठाऊक आहे म्हणूनच. ती वाचणारी असती तर मी पुन्हा एकदा उसाच्या ट्रॉल्यांवर लिहिलं असतं आणि थांबले असते.

कोमलला दिवस गेले तेव्हा वहिनीने गावाकडची मागची खोली रंगवून घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी. तिने जुन्या साड्यांची दुपटी शिवली, डिंक आणला, खोबरं किसून ठेवलं, बाज नव्याने विणून घेतली. आई तोवर गेली होती. घरात आता अडवणारं कोणी नव्हतं. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला, दादाच्या मोबाइलवरून. "सातव्यात आना तिला. सगळी तयारी झालीय." मी कोमलला विचारलं. ती माझ्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "आत्या, मी इथंच राहते ना. दवाखाना जवळ आहे." मग ओटा पुसता पुसता, "आणि तिथं वहिनी असते दिवसभर. मला झोप नाही यायची."

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हटलं, बरं.

बाळ शिरूरलाच झालं, मुलगा. ऐन हंगाम होता, दवाखान्याच्या खिडकीखालून ट्रॉल्या जात होत्या. मीच दादाला फोन केला आणि तेच ठरलेलं वाक्य बोलले. दुसऱ्या दिवशी वहिनी आली. इस्त्रीचं पातळ, केसांना तेल, पिशवीत ती सगळी दुपटी आणि लाडवांचा डबा. दारात उभी राहून तिने आधी हात धुवायची जागा विचारली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आपल्या रुमालाने कोरडे केले, आणि कॉटशेजारी येऊन उभी राहिली. गोळ्या बंद होऊन कैक वर्षं झाली होती. बोटं अजिबात थरथरत नव्हती. तिने मागितलं नाही. नुसती उभी राहिली.

कोमलने माझ्याकडे पाहिलं. मग संकोचाने, बरं दिसत नाही म्हणून, बाळ उचललं आणि वहिनीच्या हातांवर ठेवलं. ठेवलं म्हणजे, आपला हात तिने खालून काढला नाही. वहिनीच्या दोन हातांखाली कोमलचा एक हात तसाच राहिला, तळवा वर करून. बाळाला तीन हात झाले. वहिनी थांबली. आता काढेल, मग काढेल, म्हणून वाट बघत राहिली. बाळाने जांभई दिली. कोमलचा हात तिथेच.

वहिनीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कोमलकडे नाही, माझ्याकडे. स्टँडवर तिने माझ्याकडे जे मागितलं होतं ते द्यायला त्याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. कोमल, हात काढ, तुझी आई आहे ती. मी तोंड उघडलं.

"डोकं सांभाळा, वहिनी," मी म्हटलं.

तिने बाळ परत दिलं. दुपटी कॉटच्या पायथ्याशी ठेवली, रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली, आणि साडेचारची न्हावऱ्याची गाडी चुकायला नको म्हणून ती निघाली.